कर्जत-खालापूरचे शहर व्हावे, पण कुठे?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या मोठ्या रस्त्याने गेले की दुतर्फा गृहप्रकल्पांचे फलक दिसतात. त्यांवरचे चित्र साधारण सारखेच असते. इमारतीच्या तळमजल्यावर दुकाने, चालत जाता येईल अशी शाळा, आवारातच दवाखाना, लॅपटॉप घेऊन बसायला कार्यालयाची जागा आणि पाठीमागे हिरवागार डोंगर. राहणे, खरेदी, शिक्षण, काम आणि करमणूक एकाच वस्तीत बसवण्याच्या या पद्धतीला नगररचनेत मिश्र वापराचा विकास म्हणतात. माणसाला चालायला लावणारी, गाड्यांचा धूर कमी करणारी आणि म्हणून आरोग्याला व पर्यावरणाला हितकारक वस्ती, अशी तिची जगभर ओळख आहे.

ही ओळख चुकीची नाही. मात्र ती ज्या शहरांत तयार झाली ती शहरे आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे हे दोन तालुके यांत फरक आहे. इथे भाताची खाचरे आहेत, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे, कड्यांखाली वसलेल्या ठाकूर-कातकरी वाड्या आहेत आणि खाली वसलेल्या शहरांना पाणी देणाऱ्या नद्या आहेत. त्यामुळे मिश्र वापर चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. तो कुठे केला, कोणासाठी केला आणि त्याचे पाणी कुठून आले व कुठे गेले, यावर त्याचा हिशेब ठरतो.

दोन तालुके, चहूबाजूंनी ओढ

२०११च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर होती. खोपोली हे त्यातले सर्वांत मोठे शहर, सुमारे ७१ हजारांचे. त्यानंतरच्या काळात या भागाला सगळ्या बाजूंनी ओढ लागली. २०१३ मध्ये सिडकोकडे 'नैना' क्षेत्राच्या नियोजनाची जबाबदारी आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तर खालापुरातून आधीपासूनच जातो.

यात सर्वांत दूरगामी बदल ठरेल तो पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग. सुमारे ३० किलोमीटरच्या या मार्गावर पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी स्थानके आहेत. वावर्ले येथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदण्यात आला आहे. आज कर्जतहून मुंबईला जायचे तर कल्याणमार्गे लोकलने साधारण दोन तास मोडतात. पनवेलशी उपनगरी गाडीने जोडले गेल्यावर कर्जत आणि चौक ही नवी मुंबईची उपनगरे होतील. जमिनीचे भाव आणि बांधकामाचे प्रस्ताव ही शक्यता गृहीत धरूनच पुढे सरकत आहेत.

थोडक्यात, इथे लोकवस्ती वाढणार आहे. ती वाढूच नये असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही आणि स्थानिक तरुणांवर अन्याय करणारेही आहे. त्यांनाही गावाजवळ नोकरी, चांगली शाळा आणि अडीअडचणीला जवळचे रुग्णालय हवेच आहे. मग वाढायचेच असेल तर कोणत्या आकाराने वाढावे, हा विचार महत्त्वाचा ठरतो.

जुनी बाजारपेठ, नवे नाव

मिश्र वापर ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कर्जत, नेरळ किंवा खोपोलीच्या जुन्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर अशीच रचना होती. किराणा, शिंपी, वैद्य, शाळा आणि देऊळ पायी अंतरावर असे. कारखान्यांचा धूर वाढला तेव्हा युरोप-अमेरिकेतील शहरांनी घरे आणि उद्योग वेगळे केले. रोगराई रोखण्याच्या दृष्टीने ते योग्य होते. पुढे मात्र ही विभागणी इतकी ताणली गेली की दूध आणायलाही गाडी काढावी लागू लागली. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये अमेरिकी शहरांवरच्या आपल्या पुस्तकात या विभागणीवर कडाडून टीका केली आणि रस्त्यावर दिवसभर वेगवेगळ्या कामांसाठी माणसांची ये-जा असणे हेच जिवंत शहराचे लक्षण मानले. अलीकडे कार्लोस मोरेनो यांनी मांडलेली आणि पॅरिसच्या महापालिकेने उचलून धरलेली 'पंधरा मिनिटांचे शहर' ही कल्पना त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

आरोग्याच्या बाजूने यात तथ्य आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज दोन वेळा पंधरा मिनिटे चालत बाजारात, शाळेत किंवा स्थानकावर जाणाऱ्या माणसाचा हा हिशेब वेगळा व्यायाम न करता पाच दिवसांतच पूर्ण होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा शहरी भागात जास्त आहे. ज्या गावांचे आता शहर होत आहे, तिथे चालण्याची सवय रचनेतच टिकवता आली तर तो पुढच्या पिढीसाठी स्वस्त आणि कायमचा प्रतिबंधक उपाय ठरेल.

याला दुसरी बाजूही आहे. घराखाली उपाहारगृह आले की धूर, तेलकट वास आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ येते. वीज गेली की जनित्र घरघरते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; व्यापारी भागात ती ६५ आणि ५५ आहे. मिश्र भागाला यातले कोणते माप लावायचे ते सक्षम प्राधिकरणाने ठरवायचे असते. वस्ती उभी राहण्याआधीच हे ठरले नाही, तर झोपमोड, रक्तदाब आणि शेजाऱ्यांची भांडणे हे सगळे रहिवाशांच्या माथी येते.

अंतर नावाची गोम

मिश्र वापरामुळे गाड्यांचा वापर किती घटतो, यावर भरपूर संशोधन झाले आहे. रीड युइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली. वस्तीतली सरमिसळ दहा टक्क्यांनी वाढली तर वाहनाने होणारा प्रवास सरासरी जेमतेम एका टक्क्याने कमी होतो, असे त्यातून दिसले. त्याहून दुप्पट प्रभाव होता तो वस्ती मूळ शहराच्या आणि नोकऱ्यांच्या किती जवळ आहे याचा. हे निष्कर्ष मुख्यतः अमेरिकी शहरांचे आहेत, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. त्यामागचे कारण मात्र कुठेही खरे ठरेल. दूध-भाजी सोसायटीच्या दारात मिळाली तरी नोकरी चाळीस किलोमीटरवर असेल, तर दिवसातला मोठा प्रवास तसाच राहतो.

कर्जत-खालापूरसाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे. कर्जत, नेरळ, चौक किंवा खोपोली स्थानकापासून चालत जाता येईल अशा टप्प्यात घरे, दुकाने, दवाखाने आणि कार्यालये दाटीने वाढली, तर मिश्र वापराचा पूर्ण लाभ मिळेल. तीच घरे आणि तीच दुकाने स्थानकापासून दहा-पंधरा किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत वसवली, तर प्रत्येक घराला किमान एक गाडी लागेल. घरकाम करणाऱ्या बाईला, सुरक्षारक्षकाला आणि शिक्षकालाही रोज रिक्षाचे भाडे मोजत तिथे पोहोचावे लागेल. म्हणजे नकाशावर मिश्र वापर आणि रस्त्यावर वाहतूक कोंडी.

इथली आणखी एक अडचण म्हणजे बंद घरे. या पट्ट्यातील बरीच घरे शनिवार-रविवारसाठी घेतलेली असतात. सोमवारी कुलूप लागते. किराणा दुकान, दवाखाना किंवा बालवाडी चालायची तर आठवड्याचे सातही दिवस माणसे हवीत. ती नसतील तर तळमजल्यावरचे गाळे काही वर्षांत ओस पडतात आणि मिश्र वापर फक्त मंजूर आराखड्यात उरतो. निसर्गाचे मात्र पूर्ण नुकसान होते, कारण घर वापरात असो वा नसो, त्याने झाकलेली जमीन पाणी मुरवत नाही आणि भातही पिकवत नाही.

धरण उशाला, कोरड घशाला

उन्हाळ्यात कर्जतजवळ उल्हास नदी वाहती दिसते तेव्हा ते पाणी प्रामुख्याने घाटमाथ्यावरच्या धरणांतून आलेले असते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. मावळातल्या धरणांचे पाणी कड्यावरून खाली आणून त्यावर वीज तयार होते आणि मग ते खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत उल्हासला मिळते. शंभर वर्षे या दोन नद्या बारमाही राहिल्या त्या या व्यवस्थेमुळे. कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो तोही याच पाण्याच्या जिवावर.

पण या पाण्यावर खाली अनेकांचा हक्क लागला आहे. उल्हासचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीकडे जाते. पाताळगंगेचे पनवेल-उरण पट्ट्याकडे जाते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचे आहे आणि त्याची क्षमता रोज ४५ कोटी लिटर पाणी देण्याची आहे. कर्जतजवळचे कोंढाणे धरण सिडकोने हाती घेतले आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या प्रकल्पांना मान्यता दिली. दोन्हींचा एकत्रित खर्च ११ हजार कोटी रुपयांच्या वर आहे आणि मुख्य हेतू महानगर प्रदेशाची तहान भागवणे हा आहे.

एवढे असूनही याच तालुक्यांतल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण जमिनीखाली आहे. इथला कातळ बेसाल्टचा. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. पावसाळ्यात हा थर लवकर भरतो आणि उतारामुळे तितक्याच लवकर रिकामा होतो. म्हणून पाऊस भरपूर आणि विहीर कोरडी, असे चित्र दिसते. अशा कातळात एका आवारात खोल बोअर मारून रोज उपसा सुरू झाला की शेजारच्या वाडीच्या विहिरीची पातळी खाली जाण्याचा धोका असतो.

राज्याच्या नियमांत एकात्मिकृत नगर वसाहतीसाठी किमान ४० हेक्टर जमीन लागते आणि दरडोई रोज किमान १४० लिटर पाण्याची खात्रीशीर सोय विकासकाने दाखवावी लागते. त्यात भूजल धरायचे नाही, अशीही अट आहे. अट शहाणपणाची आहे. दहा हजार लोकवस्तीची एक वसाहत धरली तर रोज १४ लाख लिटर पाणी लागेल. अशा दहा वसाहती झाल्या तर दीड कोटी लिटरच्या आसपास. हे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, हे प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर वेगवेगळे लिहून भागणार नाही. नदी एकच आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

नळातून आलेले नदीत जाते

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. वरील दहा हजार लोकांच्या वसाहतीतून रोज ११ लाख लिटरहून अधिक सांडपाणी निघेल. मोठ्या प्रकल्पांना प्रक्रिया केंद्र सक्तीचे असते. केंद्र बांधले जाते. ते वर्षानुवर्षे चालवणे हा खरा प्रश्न असतो. विजेचा खर्च, प्रशिक्षित माणूस आणि गाळाची विल्हेवाट हे सगळे विकासक निघून गेल्यावर रहिवाशांच्या सोसायटीवर येते. घरे आठवड्यातून दोनच दिवस भरत असतील तर अडचण वाढते. जैविक प्रक्रियेतले जिवाणू रोज ठरावीक खाद्यावर जगतात. पाच दिवस उपवास आणि दोन दिवस मेजवानी त्यांना मानवत नाही, आणि नेमक्या गर्दीच्या दिवशी पाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडते.

ते पुढे जाते नदीतच. उल्हास खाली बदलापूर ते मोहने या पट्ट्यात आधीच प्रदूषित म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत आली आहे आणि तिच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचलेला आहे. म्हणजे कर्जतमध्ये नाल्यात काय सोडले जाते, हा कल्याणच्या घराघरांतल्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

पुराचेही तसेच. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तो पूर अतिवृष्टीचा होता. मात्र वरच्या खोऱ्यात जमिनीवर काँक्रीट पसरत गेले की तेवढ्याच पावसात जास्त पाणी आणि तेही लवकर खाली येते. साधा हिशेब करून पाहता येतो. ४० हेक्टरवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार कोटी लिटर पाणी पडते. शेत-झाडोरा असताना त्यातले ४० टक्के वाहून गेले असे धरू. रस्ते, छपरे आणि फरशी झाल्यावर ८० टक्के वाहून जाते असे धरू. म्हणजे एका वसाहतीतून एका दिवसात एक कोटी ६० लाख लिटर जादा पाणी ओढ्यात. इथे जुलैमध्ये दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही.

भातखाचराचे मोल इथे कळते. बांध घातलेले खाचर म्हणजे पाऊस काही काळ थोपवून धरणारे उथळ तळेच. शेतकऱ्याला त्या कामाचे पैसे कोणी देत नाही, म्हणून जमिनीच्या किमतीतही ते मोजले जात नाही. कर्जतचे कृषी संशोधन केंद्र भाताच्या 'कर्जत' वाणांसाठी राज्यभर ओळखले जाते. त्याच तालुक्यातली खाचरे भराव टाकून सपाट केली जातात तेव्हा पिकाबरोबर पूर अडवणारी ही विनामूल्य सोयही जाते.

उताराचा नकाशा

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात चौकजवळच्या इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सरकारने सांगितले. तिथे ना गृहप्रकल्प होता, ना मोठा रस्ता. त्यामुळे या दुर्घटनेचे खापर बांधकामावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण तिने एक गोष्ट दाखवून दिली. कोणता उतार सुरक्षित आणि कोणता नाही, हे सांगणारी माहिती अजून पुरेशी बारीक नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरासाठी तयार केलेले दरडप्रवणता नकाशे ५० हजारास एक या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यात काही मिलिमीटरांत मावते. प्रदेशाची कल्पना येण्यासाठी हे नकाशे उपयोगी आहेत; एखाद्या टेकडीच्या पायथ्याला चर खणावा की नाही, हे ठरवण्यासाठी ते पुरेसे नाहीत. आणि बांधकामात नेमके तेच होते. सपाट जागा मिळवण्यासाठी उताराचा पायथा कापला जातो, वरच्या मातीचा आधार निघतो, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजतात. असा कापलेला उतार पहिल्या दोन पावसाळ्यांत टिकला म्हणजे कायमचा टिकला, असे होत नाही.

कायद्याच्या चाळणीची छिद्रे

या भागाला संरक्षणाची छत्रे नाहीत असे नाही. माथेरान आणि परिसरातले सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाले. पश्चिम घाटासाठीच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरड दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. त्यात या दोन्ही तालुक्यांतली गावे आहेत. मसुद्यानुसार अशा गावांत २० हजार चौरस मीटरहून मोठी बांधकामे आणि ५० हेक्टरहून मोठ्या वसाहतींना बंदी असेल. पहिला मसुदा २०१४चा. तेव्हापासून गावे वगळण्याच्या आणि ठेवण्याच्या वादात अंतिम अधिसूचना रखडत राहिली.

यातली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. देशभर लागू असलेल्या २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतही २० हजार चौरस मीटर हीच उंबरठ्याची रेषा आहे. त्याखालच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. मोठी वसाहत निदान कोणाच्या तरी टेबलावर येते; तिच्या पाण्याचा, सांडपाण्याचा आणि कचऱ्याचा हिशेब मागता येतो. दोन-चार एकरांचे प्लॉटिंग, फार्महाऊस, रिसॉर्ट आणि बंगल्यांच्या रांगा मात्र एकेकट्या या चाळणीतून निसटतात. शंभर लहान प्रकल्प मिळून एका मोठ्या प्रकल्पापेक्षा जास्त जमीन झाकतात, जास्त बोअर मारतात आणि त्यांचे शोषखड्डे कोणी मोजत नाही. विखुरलेल्या बंगल्यांपेक्षा दाटीची मिश्र वस्ती पर्यावरणाला परवडते, हा युक्तिवाद इथे खरा ठरतो. तेवढ्याच कुटुंबांना ती कमी जमिनीत सामावून घेते आणि एकच नळयोजना, एकच सांडपाणी केंद्र व एकच बससेवा त्यांना पुरते.

पण हा लाभ मिळायचा तर दाटी एका ठिकाणी वाढताना बाकीची जमीन मोकळी राहायला हवी. दाट वसाहतही झाली आणि भोवतीचे प्लॉटिंगही सुरूच राहिले, तर दोन्हींचे तोटे पदरी पडतात. त्यात नियोजनाचे अधिकार विभागलेले आहेत. सिडको, रस्ते विकास महामंडळ, नगरपालिका, नगरपंचायत, जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायती, सगळ्यांचे नकाशे वेगळे. ओढा मात्र या सीमा ओळखत नाही.

लाभ कोणाचा, किंमत कोणाची

मिश्र वापराचा एक सामाजिक दावाही असतो. वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसे एकत्र राहतील, स्थानिकांना दारात काम मिळेल. तो खरा ठरण्यासाठी स्थानिकांना परवडणारी घरे आणि भाड्याचे छोटे गाळे आराखड्यात असावे लागतात. वीटभट्टीवर हंगामी मजुरीला जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या नावावर अनेकदा राहत्या घराखालची जमीनही नसते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना परवानगीविना विकता येत नाही, असे महसूल कायदा सांगतो. ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांना या संरक्षणाचा उपयोग किती, हा प्रश्न उरतो. ओढ्याची वाट बदलली, विहीर आटली किंवा रानात जायचा रस्ता कुंपणाने बंद झाला, तर पहिला फटका त्यांनाच बसतो. ही किंमत प्रकल्पाच्या ताळेबंदात कुठेच लिहिलेली नसते.

शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही आणि मुले शेतीत थांबायला तयार नाहीत. चार गुंठे विकून घर बांधणाऱ्याला निसर्गाचे पाठ देणे सोपे आहे. खाचरे टिकावीत असे समाजाला वाटत असेल, तर ती टिकवणाऱ्याला त्याचा मोबदला मिळण्याची सोय समाजानेच करायला हवी.

आधी काय विचारावे

या सगळ्यातून काही साध्या कसोट्या निघतात. प्रस्तावित वस्तीतून रेल्वे स्थानकावर किंवा बसथांब्यावर चालत जाता येते का? तिचे पाणी कोणत्या स्रोतातून येणार आणि मे महिन्यात तो स्रोत किती उरतो? सांडपाणी केंद्र दहा वर्षांनी कोण चालवणार आणि शुद्ध केलेले पाणी पुन्हा वापरले जाणार का? उताराची तपासणी त्या जागेपुरती, बारीक प्रमाणात झाली आहे का? पाऊस अडवायला तळी, खाचरे आणि ओढ्याकाठची मोकळी पट्टी राखली आहे का? आणि घरांतली किती माणसे बुधवारी दुपारीही तिथे असतील?

एकेका प्रकल्पाला हे प्रश्न विचारणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. उल्हास आणि पाताळगंगेच्या वरच्या खोऱ्यांची मिळून धारणक्षमता मोजली गेली, तर किती माणसे, किती पाणी आणि किती काँक्रीट पेलेल याची एक मर्यादा समोर येईल. मग परवानग्या त्या मर्यादेत वाटता येतील. पोशीर आणि शिलारसारखे प्रकल्प होत असतील तर त्यांतल्या पाण्याचा पहिला वाटा धरणाखालच्या आणि धरणाकाठच्या गावांना देण्याचा निर्णयही आत्ताच, जलवाहिन्या टाकण्याआधी घेता येईल.

कर्जत आणि चौकच्या स्थानकांभोवतीचा एक-दीड किलोमीटरचा परीघ ही यातली सर्वांत मोठी संधी आहे. तिथे दाटीने, मिसळून, चालत फिरता येईल असे शहर वसवता आले तर डोंगराकडे सरकणारी बांधकामाची रेघ थांबवण्याला आधार मिळेल. उपनगरी गाडी सुरू झाल्यावर या परिघातील जमिनीचे भाव आणखी वाढतील आणि तिथे शाळा, रुग्णालय, परवडणारी घरे यांसाठी जागा राखणे दरवर्षी अवघड होत जाईल. हे आरक्षण आराखड्यात येण्याची वेळ रुळांवरून पहिली लोकल धावण्याआधीची आहे.